शैक्षणिक मार्गदर्शन, महाविद्यालयीन (ग्रामीण विदर्भ)

पदवीच्या विद्यार्थ्याला प्रवेशापासून निकालापर्यंत विषयनिवड, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि घरच्या अडचणी यांबाबत महाविद्यालयाकडून मिळणारी मदत. विदर्भात हे काम ‘पालक शिक्षक’ किंवा ‘मेंटॉर-मेंटी’ या नावाने चालते. विद्यार्थी शिक्षकांमध्ये वाटून दिले जातात आणि प्रत्येकाची माहिती एका फॉर्मवर ठेवली जाते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेकडून एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे विचारले जात आल्याने फॉर्म बहुतेक ठिकाणी भरलेले असतात. मदत त्या फॉर्मपलीकडे किती जाते, हे मात्र महाविद्यालयागणिक बदलते.

विदर्भातील बहुतेक महाविद्यालये तीन विद्यापीठांना संलग्न आहेत: नागपूर (1923), अमरावती (1983) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (2011). तालुक्याच्या गावी उच्च शिक्षण पोहोचवण्यात खासगी शिक्षण संस्थांचा वाटा मोठा आहे. पंजाबराव देशमुख यांनी 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. त्याआधी त्यांनी तेथेच सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले होते. खेड्यातल्या मुलाची राहण्या-जेवणाची सोय झाली तरच तो शिकेल, ही त्यामागची समज आजही या भागातील मार्गदर्शनाचा पाया ठरावी अशी आहे.

कारण येथे विद्यार्थी मागे पडतो तो अनेकदा अभ्यासापेक्षा हंगामामुळे. प्रवेशाचे दिवस पेरणीचे असतात आणि घरातला पैसा बी-खतात गेलेला असतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, पहिले सत्र सुरू होते तेव्हा धानाची रोवणी चालू असते. वऱ्हाडात सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरात येते, पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, आणि हिवाळी परीक्षा याच सुमारास पडते. गडचिरोलीत उन्हाळी परीक्षेच्या वेळी मोहफूल नाही तर तेंदूपाने गोळा करण्याची कामे असतात. गैरहजेरीचे कारण विचारणारा शिक्षक असला तर चाचणीची तारीख मागेपुढे होते, प्रात्यक्षिकाची दुसरी तुकडी लागते. कोणी विचारले नाही तर 75 टक्के उपस्थितीची अट अंगावर येते.

मार्गदर्शनाचा सर्वाधिक वेळ कागदपत्रांत जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधार कार्डावर ते शेवटी. कुठे वडिलांच्या नावातला ‘राव’ गळलेला असतो. क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) जमा ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक डिजिलॉकरमधून काढताना ही तफावत आडवी येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बहुधा वडिलांचा असतो. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ते शेतात असतात. मुलगी महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहून फोन लावते, रेंज मिळेपर्यंत ओटीपीची मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अशा वेळी उद्या वडिलांचा फोनच घेऊन ये असे सांगणारा, शेवटच्या तारखेआधी आठवण करून देणारा शिष्यवृत्ती विभागातील लिपिक हाच तिचा खरा मार्गदर्शक असतो. मेंटॉरच्या यादीत त्याचे नाव नसते. ते असायला हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले आणि सल्ल्याची गरज एकदम वाढली. मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय निवडायचा, खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि क्षेत्रकार्य सांभाळायचे. मोजकेच विभाग असलेल्या महाविद्यालयात ही निवड बरीचशी कागदावर राहते. जे प्राध्यापक उपलब्ध, तोच मायनर. स्वयम् या केंद्र सरकारच्या पोर्टलवरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून काही क्रेडिट मिळवता येतात, पण ते विद्यार्थ्याला वेळेत सांगणारे कोणी लागते.

या धोरणातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी तरतूद बाहेर पडण्याची व परतण्याची आहे. पहिल्या वर्षाची 40 ते 44 क्रेडिट आणि जोडीला चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर प्रमाणपत्र मिळते. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते. पदवी मात्र एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. नापिकीच्या वर्षी पुण्या-नागपूरला कामाला गेलेल्या मुलासाठी, दुसऱ्या वर्षात लग्न झालेल्या मुलीसाठी ही वाट आहे. पण त्या चार क्रेडिटचे कोणी बोललेच नाही, तर मूल नुसतेच यायचे थांबते. परतायची मुदत तर दूरच, आपल्याला परतता येते हेही त्याला ठाऊक नसते.

मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, इतरत्र गोंडी बोलणाऱ्या घरांतील विद्यार्थ्यांना प्रमाण मराठीतला वर्गही परका असतो. त्यांची भाषा जाणणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी पहिल्या सत्रात सोबत दिला, तर तो प्राध्यापकापेक्षा अधिक उपयोगी पडतो. शेतकरी आत्महत्येची झळ लागलेल्या घरातील मुलांच्या बाबतीत मेंटॉरने स्वतः समुपदेशक बनू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनपर्यंत (14416) किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत त्यांना पोहोचवावे आणि नंतरही विचारपूस ठेवावी.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा नेमणुकांचा आहे. कायम पदे रिक्त राहिल्याने बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालते. त्यांना मानधन घेतलेल्या तासांचे मिळते, त्यामुळे मार्गदर्शनाला दिलेला वेळ हिशेबात धरला जात नाही. नेमणूकही ठरावीक काळापुरतीच असते. पहिल्या वर्षी जिच्याशी मुलगी मन मोकळे करून बोलली, ती मॅडम दुसऱ्या वर्षी त्या महाविद्यालयात असेलच असे नाही.

2024-25 च्या तुकडीपुढे 2027 मध्ये नवा प्रश्न येईल: तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करायचे, की पदवीचेच चौथे, ऑनर्सचे वर्ष करून मग एका वर्षाचे एम.ए.? वर्षे दोन्हीकडे पाचच. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, म्हणजे ही तयारी पहिल्या सत्रापासून हवी. चौथे वर्ष आपल्या तालुक्यात नसेल तर खोली, खानावळ आणि एसटीच्या पासचा हिशेबही घरी आधीच मांडावा लागेल.