हिरड्यांतून येणारं रक्त वयाचं नसतं

‘वय झालं, दात हलणारच,’ असं म्हणत गिरगावपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांतली ज्येष्ठ मंडळी ब्रश करताना आलेलं रक्त चूळ भरून टाकून देतात. मुलं-सुनाही त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. पण निव्वळ वय झालं म्हणून दात पडत नाहीत. कीड हे एक कारण आणि हिरड्यांचा आजार हे दुसरं, तितकंच मोठं. हा आजार बराचसा टाळता येतो, म्हणून त्याची हळहळ जास्त वाटते.

माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती सापडल्या आहेत. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. दात घासल्यावर काही तासांतच त्यांचा चिकट थर पुन्हा दातांवर बसू लागतो. तो तसाच राहिला, की लाळेतले क्षार त्यात मिसळून त्याचं कीटण होतं आणि ते ब्रशने निघत नाही. मग हिरडी दातापासून हळूहळू सुटते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट एक ते तीन मिलिमीटर असते. आजारात ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जाते. तिथे प्राणवायू जवळपास पोहोचत नाही आणि नेमके प्राणवायू नको असलेले जिवाणू तिथे फोफावतात. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरडीतली प्रथिनं तोडून त्यांवर जगतो, रक्तातलं लोहही वापरतो. शरीर त्याच्याशी लढायला सूज आणतं, पण ती सूज वर्षानुवर्षं टिकली की दाताला धरून ठेवणारं हाडच विरघळू लागतं. हे सगळं बहुधा न दुखता होतं. म्हणूनच रक्त दिसणं ही इतकी महत्त्वाची सूचना आहे.

१९६५ मध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त आलं म्हणून ब्रश बंद करणं हे उलटंच. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण घासायलाच हवं.

उतारवयात अडचणी वाढतात हे खरं. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते आणि जिवाणू धुऊन नेणारं पाणीच आटतं. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. संधिवाताच्या बोटांत ब्रश नीट धरवत नाही. अशा वेळी दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करून द्यावा. आणि मिश्री सोडवावीच. ती भाजलेली तंबाखू आहे. तंबाखूने हिरड्यांचा आजार बळावतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच.

मधुमेहाशी तर या आजाराचं दुहेरी नातं आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. अल्झायमरशी या जिवाणूंचा संबंध असावा, अशी चर्चा गेली काही वर्षं आहे, पण ते कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. न्यूमोनियाचं मात्र गंभीरपणे घ्यावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातले जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात. जपानमधल्या वृद्धाश्रमांत रोज तोंडाची स्वच्छता ठेवल्यावर न्यूमोनिया कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे आजीला कुशीवर वळवून, थोड्याशाच पाण्याने, ओल्या मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ पुसून काढणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे. कवळी रात्री काढायचीच. घासून स्वच्छ पाण्यात ठेवायची.

‘मशीनने साफ केले की दात ढिले होतात’ ही भीती घरोघरी आहे. दात आधीच ढिले झालेले असतात. कीटणाने त्यांना जखडून ठेवलेलं असतं, म्हणून ते काढल्यावर हलणं जाणवतं. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत रुग्णालय किंवा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, इथे ही सफाई खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होते. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.