पाणथळ जागेतील लव्हाळवर्गीय वनस्पतींची ओळख आणि निवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शेततळ्याचा काठ धरून ठेवण्यासाठी, न्हाणीचे सांडपाणी मुरवण्याच्या वाफ्यासाठी किंवा परसातल्या लहान तळ्यासाठी आमच्या रोपवाटिकेतून पाणथळ वनस्पती नेणाऱ्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. पिशवीतील वीतभर रोपे दिसायला जवळजवळ सारखीच असतात. पण पुढे एक जात गुडघाभर राहते, तर दुसरी पुरुषभर वाढून सगळे तळे व्यापते. म्हणून नाव किंवा हिरवेपणा पाहून नव्हे, तर वनस्पतीची रचना पाहून निवड करावी, असा आमचा आग्रह आहे.

ओळखीची सुरुवात खोडापासून करावी. खोड चिमटीत धरून फिरवले असता तीन कडा बोटांना लागल्या, तर ती वनस्पती बहुधा मोथ्याच्या कुळातील, म्हणजे सायपरेसी कुळातील असते. भाताच्या बांधावर दिसणारा नागरमोथा याच कुळातला आहे. त्याची पाने तीन रांगांत येतात, पानाचा तळ खोडाभोवती बंद नळीसारखा असतो आणि फळ बारीक, कठीण व एकबीजी असते. नळ आणि वाळा ही मात्र गवते आहेत. त्यांच्या खोडावर पेरे स्पष्ट दिसतात, पाने दोन रांगांत येतात आणि पानाचे आवरण बहुधा एका बाजूने उघडे असते. तिसरे कुळ जुंकसचे. त्याचे फूल अगदी लहान असले तरी भिंगातून पाहिल्यास सहा पाकळ्यांसारखे भाग नीट मोजता येतात आणि फळ तीन भागांत उकलून त्यातून अनेक सूक्ष्म बिया पडतात. जपानमधील तातामी चटया याच कुळातील जुंकस इफ्यूससच्या खोडांपासून विणतात. हे कुळ मुख्यतः थंड हवेत रमणारे असल्यामुळे आम्ही ते किनारपट्टीसाठी देत नाही.

खोड गोल लागले म्हणून ते जुंकस आहे, असे मात्र समजू नये. सायपरेसी कुळातील एलिओकॅरिस डल्सिस आणि शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा या दोन्ही जातींची खोडे गोल असतात. ती अलगद दाबत वर नेल्यास आतले आडवे पडदे एकामागून एक बोटाला जाणवतात, आणि खोड उभे चिरल्यावर हवेचे बंद कप्पे स्वच्छ दिसतात. या दोघींना मोठी पाती नसतात. अन्न बनवण्याचे काम हिरवे खोडच करते. त्यांच्यातील फरक फुलोऱ्यात आहे. एलिओकॅरिसच्या अगदी टोकाला एकच कणीस असते, तर शोनोप्लेक्टिएलामध्ये कणसांचा झुबका खोडाच्या कुशीतून फुटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या वरचा भाग खोड नसून खोडाच्याच रेषेत उभे राहिलेले फुलोऱ्याचे पान असते. ही बारीक गोष्ट पाहिली की दोन्ही जाती फुलोऱ्यावर असताना गफलत होत नाही.

पाणकणीस, म्हणजे टायफा, ओळखायला सोपे आहे. त्याच्या तपकिरी, मखमली कणसाचा खालचा भाग मादी फुलांचा आणि वरचा नर फुलांचा असतो. मात्र एका कणसातून लाखभराहून अधिक केसाळ बिया वाऱ्यावर जाऊ शकतात, आणि चिखलातले आडवे खोडही झपाट्याने पसरते. त्यामुळे लहान तळ्यासाठी आम्ही ते सहसा सुचवत नाही. नळाची कोवळी आडवी खोडे टोकाला इतकी टणक असतात की प्लास्टिकचे पातळ अस्तर भेदतात. अस्तर घातलेल्या शेततळ्यात तो लावू नये. वेखंड पाण्याकाठी पाणकणसासारखे भासते, पण त्याचे पान चुरगळताच ओळख पटते.

या वनस्पती चिखलात जगतात, त्याचे कारण खोडातल्या त्या हवेच्या कप्प्यांत आणि पोकळ्यांत आहे. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू जवळजवळ नसतो. तो पानांतून व खोडातून मुळांपर्यंत पोहोचतो आणि थोडा मुळांबाहेरही झिरपतो. कोकणातील जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असल्याने त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. काळ्या चिखलातून उपटलेल्या रोपाच्या मुळांवर तांबूस थर बसलेला असतो, कारण चिखलात विरघळलेले लोह मुळांजवळ प्राणवायू मिळताच गंजून चिकटते. तो रोग नाही. मुळे खरवडू नयेत. सांडपाण्याच्या वाफ्यात घाण कुजवणाऱ्या जिवाणूंना हाच प्राणवायू काही प्रमाणात उपयोगी पडतो. म्हणून तेथे आम्ही दाट मुळांचा नळ देतो, नागरमोथा देत नाही. नागरमोथा ओल सहन करतो, पण कायम साचलेले पाणी त्याला मानवत नाही.

खाडीलगतच्या खाजणात आणि खाऱ्या जमिनीत निवड आणखी मर्यादित होते. तेथे फिंब्रिस्टायलिस फेरुजिनिया ही सायपरेसी कुळातील जात तग धरते. तिची पाने अगदी आखूड असतात आणि कणसे गंजाच्या रंगाची, लंबगोल असतात. आपल्या जागेत भरतीचे पाणी शिरत असल्यास मागणी नोंदवतानाच तसे सांगावे.

लागवड मेअखेरीस, पावसाआधी करावी आणि रोपांचे शेंडे पाण्यावर राहतील एवढेच पाणी ठेवावे. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत कोवळे रोप पूर्ण बुडून राहिले, तर त्याच्या मुळांचा हवेचा मार्ग बंद होतो. हीच गोष्ट पाणकणीस आवरण्यासाठी वापरता येते. त्याची खोडे पाण्याच्या पातळीखाली कापून ती अनेक आठवडे बुडालेली ठेवल्यास आडव्या खोडाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. उलट जी जात टिकवायची आहे, तिची कापणी करताना पाण्यावर किमान वीतभर खुंट राखावेत. आपल्याकडील एखादी जात ओळखता येत नसल्यास फुलोऱ्यावर आलेले एक खोड मुळासकट उपटून, ओल्या कापडात गुंडाळून रोपवाटिकेत आणावे. केवळ पानांवरून आम्ही खात्रीचे उत्तर देत नाही.