तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू : धोका कुठे जास्त, आणि घरी काय पाहायचं

(दांडिया बाजार, वडोदरा येथील आमच्या चष्म्याच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

मोतीबिंदू तान्ह्या बाळालाही होतो. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीमागे जे भिंग असतं, ते पोटात असतानाच किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत गढूळ होतं. दर 10,000 जन्मांमागे साधारण 1 ते 6 बाळांना हा त्रास असतो. गरीब देशांत प्रमाण आणखी जास्त. आजोबांनी ऑपरेशन दोन वर्षं लांबवलं तरी नंतर त्यांना दिसतं, कारण पाहायचं कसं हे त्यांच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. बाळाचा मेंदू ते पहिल्या काही आठवड्यांपासून शिकू लागतो. त्या काळात डोळ्यापुढे धुकंच राहिलं, तर पुढे भिंग काढूनही नजर पुरती येत नाही.

आम्ही ऑपरेशन करत नाही आणि रोगनिदानही करत नाही. ऑपरेशननंतरचे चष्मे बनवतो. ते घ्यायला येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे झालं कशानं?’ म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट स्पष्ट. पुष्कळ बाळांत कारण सापडत नाही, आणि मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा सापडतच नाही. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, गरोदरपणी मोबाइल पाहिला, यांतल्या कशानेही मोतीबिंदू होत नाही. तेव्हा सुनेला बोल लावण्याचं काम घरात कोणी करू नये.

घराण्यातून येणारा

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर पहिली चौकशी घराण्याची. पंच्याहत्तरीला झालेलं आजीचं ऑपरेशन इथे धरायचं नाही. विचारायचं असं : आत्या, काका, मामा, मावशी यांपैकी कोणाचं ऑपरेशन लहानपणी किंवा चाळिशीच्या आत झालं? कोणाची नजर जन्मापासून अधू होती? कोणाचे डोळे सतत भिरभिरत? बाळपणीचा मोतीबिंदू वारशाने येतो तेव्हा बहुधा आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच येतो. अशा घरात प्रत्येक बाळंतपणात शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. गंमत अशी की त्याच घरात एकाचं भिंग पूर्ण पांढरं असतं, तर दुसऱ्याच्या भिंगात चार बारीक ठिपके, ज्यांचा त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. म्हणून बाळाबरोबर आईवडिलांनीही बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्यावेत.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे आहे. जवळच्या नात्यात एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि तसा तो असला तर दर बाळामागे चारात एक धोका राहतो. नातं जवळचं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

रुबेला : टाळता येणारं कारण

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये रुबेला आणि मोतीबिंदू यांचा संबंध जगापुढे मांडला. मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता, हे त्यांच्या लक्षात आलं. गुजरातीत याला नूरबीबी म्हणतात, मराठीत जर्मन गोवर. आईला त्रास किरकोळ होतो : थोडा ताप, तीनेक दिवस पुरळ, कानामागे गाठी. कधी तेवढंही नाही. पण पहिल्या 12 आठवड्यांत लागण झाली तर 10 पैकी 9 बाळांपर्यंत इजा पोहोचू शकते : मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष, लहान डोकं. पाचव्या महिन्यानंतर हा धोका फार कमी.

लसीने हे टळतं. गोवर-रुबेलाची देशव्यापी मोहीम 2017 मध्ये सुरू झाली. ती 9 महिने ते 15 वर्षांखालच्या मुलांसाठी होती. त्या वेळी पंधराच्या पुढे असलेल्या मुली तिच्यातून सुटल्या, आणि आज बाळाचा विचार करणाऱ्यांत त्याच पुष्कळ आहेत. लस घेतल्याची नोंद नसेल तर डॉक्टरांशी बोलून ती दिवस जाण्यापूर्वी घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. लहान मुलांना ती 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत मिळते. ममता कार्डावर (लसीकरणाच्या कार्डावर) दोन्ही नोंदी आहेत का, पाहा.

पोटात रुबेला झालेलं बाळ वर्षभरापर्यंत विषाणू बाहेर टाकत राहू शकतं. गरोदर पाहुण्यांना अशा बाळापासून दूर ठेवावं.

गरोदरपणी आईला टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी), सायटोमेगॅलो आणि नागीण-कांजिण्यांच्या कुळातले विषाणू किंवा सिफिलिस यांची लागण झाली, तरी बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणूनच दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूत बाळाच्या रक्ताच्या तपासण्या सांगतात.

दूध न पचणारी बाळं

हे कारण वेळेवर ओळखलं तर सुरुवातीचा मोतीबिंदू मागेही फिरू शकतो, म्हणून ते जरा नीट वाचा. दुधातल्या साखरेपासून गॅलॅक्टोज बनतं. ते पचवणारं एन्झाइम काही बाळांत जन्मतःच नसतं. मग गॅलॅक्टोजचं एका दुसऱ्या पदार्थात रूपांतर होऊन तो भिंगात साठतो, पाणी ओढून घेतो, आणि भिंगात तेलाच्या थेंबासारखा डाग दिसतो. दूध सुरू झाल्यावर उलट्या, वाढणारी कावीळ, वजन न वाढणं, सुस्ती ही लक्षणं. त्याचा एक सौम्य प्रकार आहे, त्यात मोतीबिंदूखेरीज काहीच दिसत नाही. निदान झाल्यावर आईचं दूधही बंद करावं लागतं, पण ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. स्वतः ठरवून अंगावरचं दूध तोडू नका.

बाकीची कारणं थोडक्यात : डाउन सिंड्रोम, नवजात बाळाच्या रक्तात साखर किंवा कॅल्शियम फार कमी होणं, गरोदरपणी पोटावर किरणोपचार. वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर डोळ्यांची तपासणी चुकवू नका. त्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यालाही धोका असतो.

थोड्या मोठ्या मुलांबाबत एक सावधगिरी. उन्हाधुळीने डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घातलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात.

घरी काय पाहायचं

बाहुलीत पांढरी झाक. तिसऱ्या महिन्यातही आईच्या तोंडाकडे नजर न ठरणं. डोळे भिरभिरणं, तिरळेपणा, उजेडात डोळे गच्च मिटून घेणं. मंद उजेडाच्या खोलीत मीटरभर अंतरावरून, बाळ सरळ कॅमेऱ्याकडे पाहत असताना फ्लॅश लावून फोटो काढा. दोन्ही बाहुल्या सारख्या लालसर दिसायला हव्यात. बाळ बाजूला पाहत असेल तर निरोगी डोळाही पांढरा चमकतो, म्हणून दोन-तीन फोटो काढा. फोटो चांगला आला म्हणून लक्षणं दुर्लक्षू नका.

पांढरी बाहुली दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पडद्याच्या कर्करोगातही बाहुली अशीच दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे, त्याची चौकशी जवळच्या आरोग्य केंद्रात करता येते. दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर ऑपरेशन साधारण 4 ते 6 आठवड्यांच्या वयात, दोन्ही डोळ्यांत असेल तर 6 ते 8 आठवड्यांत करतात. चार आठवड्यांच्या आत केलं तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर थोडं थांबायला सांगतील. तो निष्काळजीपणा समजू नका.

चष्म्याबद्दल

एवढ्या लहान वयात बहुधा आत लेन्स बसवत नाहीत, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स किंवा +20 च्या आसपासचा चष्मा लागतो. +22 चा चष्मा नाकावरून 3 मिलिमीटर पुढे घसरला तर डोळ्यापाशी जवळपास दीड नंबरचा फरक पडतो. म्हणून फ्रेम लहान, गोल, बिनस्क्रूची आणि डोक्यामागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली घ्या. पट्टा इतकाच घट्ट की खाली एक बोट जाईल. बाळाचं जग हातभर अंतराचं असतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं नंबर मुद्दाम 2-3 ने जास्त लिहिलेला असतो. ती चूक नव्हे. डोळा वाढतो तसा नंबर उतरतो. ताजी चिठ्ठी असल्याशिवाय जुन्या नंबरची काच आम्ही पुन्हा बनवून देणार नाही. मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर अधू डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात. ती किती तास बांधायची, ते डॉक्टरच ठरवतात. बाळ रडतं म्हणून ते तास कमी करू नका.