शिवराई : संग्रह व वर्गीकरण

मराठी राज्याचा तांब्याचा पैसा. दर्शनी बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि पाठीमागे दोन ओळींत ‘छत्र / पति’ असा नागरी मजकूर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून (१६७४) एकोणिसाव्या शतकापर्यंत हा मजकूर थोड्याफार फरकाने तांब्यावर उमटत राहिला. त्यामुळे शिवराई हे एका राजाचे नाणे नसून नाण्यांचे घराणे आहे. सराफाकडे किंवा मोडीच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया पेशवेकालीन अथवा त्याहून अलीकडच्या असतात. संग्राहकाचा बराचसा खटाटोप ‘यातली महाराजांची कोणती?’ या एकाच प्रश्नाभोवती चालतो.

प्रारंभ व कालनिर्णय : नाणी पाडण्यास राज्याभिषेकाच्या आधी सुरुवात झाली असावी असे एक मत आहे, परंतु ‘छत्रपति’ हे बिरुद असलेले नाणे अभिषेकानंतरचेच मानणे अधिक सुरक्षित. सोन्याचा शिवराई होन सुमारे २·७ ते २·८ ग्रॅम वजनाचा असून अत्यंत दुर्मिळ आहे; होनांच्या यादीत त्याचे नाव सभासद बखरीत येते. महाराजांचे म्हणून सर्वमान्य झालेले चांदीचे नाणे नाही.

नाण्यांवर ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’, ‘सीव’ तसेच ‘पति’, ‘पती’ असे पाठभेद सापडतात. शुद्ध ‘श्री राजा शिव’ ते रायगडचे, म्हणजे महाराजांच्या काळचे, व अशुद्ध ते उत्तरकालीन, अशी वाटणी पूर्वी सर्रास केली जाई आणि विक्रेते आजही करतात. ती टिकत नाही. ठसा कोरणारा कारागीर लिहिता असेलच असे नाही. त्याला अक्षर उलटे कोरावे लागे, आणि उलटी राहिलेली अक्षरेही आढळतात. शिवाय त्या काळच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नव्हता. म्हणून पाठभेद हा ठशांचे गट पाडण्यास उपयोगी, कालनिर्णयास अपुरा. वजन, अक्षरांची ठेवण आणि ठिपक्यांची घडण या तिन्हींचा मेळ बसला तरच नाणे आरंभीच्या गटात टाकावे.

वजनाचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम. आरंभीच्या गटातील चांगल्या स्थितीतील नाणी साधारणपणे ११ ते १३ ग्रॅम भरतात. पेशवे दफ्तरातील टांकसाळीच्या सनदांकडे न्या. म. गो. रानडे यांनी लक्ष वेधले. त्यांपैकी १७४४ च्या सनदेनुसार नागोठण्याच्या टांकसाळीत पैसा दहा मासे वजनाचा पाडायचा होता. रेवदंड्याच्या परवान्यात वजन याहून किंचित कमी आहे. मासा सुमारे ०·९७ ग्रॅमचा धरल्यास दहा मासे म्हणजे ९·७ ग्रॅम होतात, आणि हलक्या शिवराया याच आकड्याच्या आसपास घुटमळतात. परवाने मुदतीचे, वर्षागणिक वाढत्या रकमेवर दिलेले होते. खाजगी टांकसाळवाल्याने तांब्यात हात राखला तर नवल नाही. मात्र झिजलेली जड शिवराई आणि कोरी हलकी शिवराई तराजूत सारखीच भरू शकतात, हे विसरू नये. वजनापुढे झिजेची नोंद नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

‘श्री राजा शंभु’ पाठाची नाणी संभाजी महाराजांची. ‘श्री राजा राम’ हा पाठ अडचणीचा : पहिले राजाराम (कारकीर्द १६८९–१७००) की साताऱ्याचे रामराजा (१७४९–७७), याचा निकाल केवळ मजकुरावरून लागत नाही. जड वजनाची नाणी पहिल्या राजारामांकडे देण्याकडे कल दिसतो व तो योग्य वाटतो.

दुदांडी : ज्या उत्तरकालीन पैशांवर दोन ओळींच्या मध्ये दुहेरी आडवी रेघ असते, ते दुदांडी. यांवर सूर्य, चंद्र, त्रिशूळ, पान, ध्वज अशी चिन्हे असतात. ती टांकसाळींची असावीत, पण कोणते चिन्ह कुठले, याची पुष्कळशी जुळणी अंदाजाचीच आहे. काहींवर फसली (महसुली कालगणनेतील) साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १२२८ च्या पुढचे साल म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा पैसा. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली १८० ग्रेनचा (सुमारे ११·७ ग्रॅम) एकसारखा रुपया आणल्यावरही खेडोपाडी शिवराई चालत राहिली. अर्धी शिवराई (अधेला) व दुप्पट वजनाचा ढब्बू हेही संग्रहात येतात.

वाचन व नोंद : ठसा चकतीपेक्षा मोठा आणि छाप हातोड्याची, म्हणून पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. बहुधा ‘श्री’ काठाबाहेर जाते. एकाच ठशाची चार-पाच नाणी जमवून, छायाचित्रे एका प्रमाणात छापून, तुकड्यांवरून पूर्ण ठसा कागदावर जुळवावा. प्रत्येक नाण्याचे वजन ०·०१ ग्रॅमपर्यंत, कमाल व किमान व्यास, दोन्ही बाजूंच्या मजकुरांतील कोन, झीज आणि मिळाल्याचे ठिकाण लिहून ठेवावे. ढिगातून निवडून आणलेल्या एका सुबक नाण्यापेक्षा, ठिकाण माहीत असलेली पन्नास झिजकी नाणी अभ्यासाला अधिक मोलाची. टांकसाळींचा प्रश्न सुटला तर अशाच नोंदींतून सुटेल.

सफाई : चिंच, लिंबू, राख यांनी घासलेली शिवराई लखलखीत गुलाबी होते आणि कामातून जाते. तांब्यावरचा तपकिरी-काळा थर हेच तिचे कवच. आम्लाने तो जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि उघडे तांबे नव्याने गंजते. माती बसली असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून रोज पाणी बदलावे आणि सुटलेली माती बांबूच्या काडीने काढावी. सुई किंवा तारेचा ब्रश लावू नये. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी पुन्हापुन्हा उगवत असेल तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्षारांमुळे आतून चालू राहणारा गंज. असे नाणे लगेच वेगळे ठेवावे, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या सुमारे ५ टक्के द्रावणात काही आठवडे द्रावण बदलत बुडवावे, नंतर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. कोकणातल्या दमट हवेत हा रोग लवकर उलटतो. डबा हवाबंद असावा, आत ओलावा शोषणारे सिलिका जेल असावे आणि पावसाळ्यात ते भाजून घ्यावे. मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, त्यांतून तांब्यावर हिरवा चिकटा येतो.

बनावट : ओतीव नकलेत पृष्ठावर सूक्ष्म छिद्रे, विरघळल्यासारखी अक्षरे आणि काठावर साच्याची रेघ दिसते. हातोड्याच्या छापेची दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. दोन शिवरायांचा काठ, चीर आणि छाप सरकण्याची दिशा जुळली तर दोन्ही परत करावीत. अस्सल नाण्यावर अक्षरे कोरणीने खोल करण्याचाही प्रकार चालतो : अक्षराच्या तळाशी चकाकी व ओरखडा, भोवताली जुना थर. ‘शंभु’ वाचले की भिंगाखाली हेच आधी पाहावे. स्वस्त होन बहुधा होन नसतोच.

कायदा : जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते, लपवल्यास शिक्षा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. व्यापारास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस असे नाणे परदेशी पाठवता येत नाही. परदेशस्थ मराठी नातेवाइकांना भेट म्हणून पाठवलेली शिवराईही यास अपवाद नाही.