सातेरीचा मेणपत्रा आणि मेलिफेराचा मेणपत्रा, पेट्या वाढवताना पैसे नक्की कुठे वाचतात

मेणपत्रे, म्हणजे मधमाश्यांनी सरळ पोळं बांधावं म्हणून पेटीतल्या फ्रेममध्ये (चौकटीत) लावायचे मेणाचे पातळ पत्रे, मागायला गेलं की समोरचा पहिलं विचारतो किती पाहिजेत. कुठल्या माशीसाठी, हे क्वचितच कोणी विचारतं, आणि नवीन माणसाला तर माहीतच नसतं की असं काही विचारायचं असतं. दोन्ही पत्रे पिवळे, दोन्हीवर षटकोनी ठसे, दोन्हीला तोच वास, गठ्ठा हातात घेतला तर फरक दिसतच नाही. पण एक सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीचा असतो आणि एक मेलिफेराचा, म्हणजे युरोपातून आलेल्या मोठ्या माशीचा, आणि पेट्या वाढवायच्या वर्षी हीच गफलत सगळ्यात महागात जाते.

मी स्वतः यात अडकलोय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. सहा पेट्यांच्या सोळा करायच्या होत्या, सगळी सातेरी, आणि एका ठिकाणी मोठे पत्रे स्वस्तात मिळत होते. मेलिफेराच्या लँगस्ट्रॉथ पेटीचा पत्रा साधारण साडेसोळा इंच बाय आठ इंच, आमची सातेरीची लहान फ्रेम आतून जेमतेम आठ इंच बाय पावणेसहा इंच, म्हणजे एका मोठ्या पत्र्यात दोन पूर्ण पत्रे आणि वर दोन पट्ट्या उरतात, हिशोब इतका छान बसला की मी लगेच गठ्ठा उचलला. महिन्याभराने फ्रेम उचलून बघतोय तर काही पत्रे कडेने कुरतडलेले, काहींवर मध्येच वेडंवाकडं स्वतःच्या मापाचं पोळं बांधलेलं, आणि जिथे ठशावरच बांधलं होतं तिथे टोपीसारखी वर आलेली झाकणं आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध बारीक छिद्र. सातेरीच्या नराच्या घराची ती खूण. पत्रा भरून नर. नर मध आणत नाही, खातो मात्र, आणि जिथे कामकरी माश्यांची फौज उभी राहायला पाहिजे होती तो हंगामच गेला.

कारण साधं आहे. कामकरी माशीचं घर मेलिफेराचं साधारण ५.३ ते ५.४ मिलीमीटर रुंद असतं आणि सातेरीचं पाचच्या आत. मेलिफेराच्या ठशाचं माप सातेरीच्या नराच्या घराच्या जवळ जातं. माशी ते माप वाचते आणि त्याप्रमाणे वागते, आपण कशासाठी पत्रा लावला हे तिला काय माहीत.

ओळखायचं कसं? शाळेतली फुटपट्टी घ्या. पत्र्यावरची एका सरळ ओळीतली दहा घरं मोजा, एका घराच्या सपाट बाजूपासून सुरू करून दहाव्या घराच्या सपाट बाजूपर्यंत. पाच सेंटीमीटरच्या पुढे तीन-चार मिलीमीटर गेलं तर मेलिफेरा, पाच सेंटीमीटरच्या आत राहिलं तर सातेरी. दहा सेकंदांचं काम आहे. त्याहून पक्कं करायचं असेल तर आपल्याच पेटीतल्या नैसर्गिक पोळ्याचा एक रिकामा तुकडा खिशात ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा, कारण सातेरी डोंगरावरची, कोकणातली आणि देशावरची मापाला थोडी थोडी वेगळी असते, तुमच्या माशीचं माप तुमच्या पोळ्यातच लिहिलेलं आहे.

बाजारात मेलिफेराचाच पत्रा जास्त का दिसतो यालाही कारण आहे. मेणपत्रा निघाला तोच युरोपातल्या माशीसाठी, १८५७ साली जर्मनीत मेहरिंगने काढला. लँगस्ट्रॉथची हलत्या चौकटींची पेटी अमेरिकेतली, १८५१ ची, तीही त्याच माशीसाठी. आपल्याकडे मेलिफेरा हिमाचल-पंजाबकडून १९६० च्या दशकात रुजली आणि मोठा व्यापारी धंदा आज तिच्यावरच चालतो, त्यामुळे नुसतं पत्रा म्हटलं की तोच पुढे येतो. सातेरीसाठी लहान पेटी दक्षिणेत फादर न्यूटनने बसवली, आणि महाबळेश्वरच्या बाजूला, मांघरसारख्या गावात, जे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथला कारभार सातेरीचा. म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाने तर मुद्दाम मागून सातेरीचाच पत्रा घ्यायला पाहिजे.

आता पैसे वाचवायचं, आणि इथेही दोन माश्यांचं गणित एकदम उलटं आहे. सातेरीच्या पिल्लांच्या कोठ्यात पूर्ण पत्रा लावायची बहुतेक वेळा गरजच नसते. फ्रेमच्या वरच्या पट्टीच्या खाचेत इंचभर रुंदीची पत्र्याची पट्टी वितळलेल्या मेणाने चिकटवली की माशी तिथून खाली सरळ बांधत जाते. आठ फ्रेमची पेटी धरली तर दहा नवीन पेट्यांना ८० फ्रेम, पूर्ण पत्रे लावले तर ८० पत्रे, आणि एका पत्र्यातून पाच पट्ट्या निघतात म्हणजे तेच काम १६ पत्र्यांत होतं. फक्त पेटी पाणसळीत ठेवा, कारण पोळं ओळंब्यासारखं लोंबतं, पेटी कलली की पोळं शेजारच्या फ्रेमला जाऊन चिकटतं. आणि पट्टीची फ्रेम दोन बांधलेल्या पोळ्यांच्या मध्ये द्या, एकदम कडेला नको. नुकत्याच बसवलेल्या वसाहतीत हे सगळ्यात छान जमतं, ती आधी कामकरी माशीचीच घरं बांधते. ऐन बहरात भरलेल्या पेटीत दिली तर नराची घरं जास्त पडतात, तिथे मी पूर्ण पत्राच देतो.

मधकोठीत, म्हणजे वरच्या मध साठवायच्या कोठ्यात, मात्र सातेरीलाही पूर्ण पत्रा द्या. ते पोळं मधयंत्रात, म्हणजे फिरवून मध काढायच्या यंत्रात, फिरणार असतं, नुसत्या पट्टीवरचं नवं कोवळं पोळं जोरात फिरवलं की तुटून पडतं. पूर्ण पत्र्यावर बांधलेलं पोळं नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं परत वापरता येतं, आणि एक किलो मेण तयार करायला माश्या सहा ते आठ किलो मध खातात असं जे सांगतात ते लक्षात घेतलं तर बांधलेली पोळी हीच आपली खरी ठेव आहे. मधकोठीची फ्रेम बुटकी असल्याने पिल्लांच्या कोठ्याचा एक पत्रा तिथल्या दोन फ्रेमना पुरतो.

मेलिफेरावाल्याने मात्र पट्टीच्या नादाला लागू नये असं माझं मत. फ्रेम मोठी, पोळं जड, आणि पेट्या ट्रकमधून डाळिंबाच्या बागेत, कांदा बियाण्यावर, मोहरीकडे न्यायच्या असतात, उन्हात मेण मऊ पडलं की तार आणि पूर्ण पत्रा नसलेलं पोळं रस्त्यातच ढासळतं, पिल्लं आणि राणीसकट. तिथे तारा ओढून पूर्ण पत्रा, काटकसर दुसरीकडे करा.

सामानाचंही थोडक्यात सांगतो. धूर द्यायचं धुराडं, टोपी-जाळी, पेटी उघडायची पट्टी, ब्रश, मेणझाकणं कापायची सुरी ही दोन्हीला चालते, दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही. मधयंत्र मेलिफेराचं असेल तर सातेरीच्या लहान फ्रेमला आत जाळीचा आधार करून घ्यावा लागतो. पेट्या आणि फ्रेम अजिबात अदलाबदल करू नका, दोघींना लागणारं फ्रेममधलं अंतर वेगळं, सातेरीला कमी लागतं. राणी अडवायची जाळीही वेगळी, मेलिफेराच्या जाळीच्या फटी मोठ्या, त्यातून सातेरीची राणी निसटते. जुन्या पेट्या स्वस्तात मिळाल्या तर जरूर घ्या पण आतून ज्योतीने चांगल्या शेकून घ्या आणि त्यातली जुनी पोळी कितीही चांगली दिसली तरी वापरू नका, वितळवा.

वितळवण्यावरूनच, मेण फेकणारे मधपाळ बघितले की मला खरंच वाईट वाटतं. सातेरीला काळी पडलेली जुनी पोळी आवडत नाहीत, ती कुरतडून टाकते, त्यात मेणकिडा शिरतो आणि मग वसाहत पेटी सोडून निघून जाते. ती पोळी वेळेवर काढा. सगळ्यात चांगलं मेण मधाच्या झाकणांचं, जुन्या पिल्लांच्या पोळ्यांतून कमी निघतं पण निघतं. धातूच्या पत्र्याचा उतरता ट्रे, वर काच, उन्हात ठेवला की मेण आपोआप गळतं, ते साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं. चुलीवर करायचं तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, थेट जाळावर कधीच नाही, आणि भांडं स्टीलचं, लोखंडाच्या भांड्यात मेण काळपट होतं.

काही पत्रे पाडणारे तुमचं मेण घेऊन फक्त मजुरीवर पत्रे देतात. तिथे सातेरीच्या मापाचे ठसे पाडायचा रोलर आहे का हे आधी विचारा, नसेल तर तुमचंच शुद्ध मेण चुकीच्या मापात परत येईल. आता सिलिकॉनचे साचेही मिळतात, चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तर परवडतो. घरी पाडलेला पत्रा जाड होतो आणि थंडीत पटकन मोडतो, पण पट्ट्या कापायला एकदम चालतो. विकतच्या पत्र्यात कधीकधी पॅराफिनची भेसळ असते, वासावरून शंका येते, तसला पत्रा उन्हाळ्यात लोंबायला लागतो. जुन्या पत्र्यावर पांढरट भुकटीसारखा थर दिसला तर मात्र घाबरू नका, शुद्ध मेणावरही तो येतो, जरा उन्हात धरला की जातो. आणि कापताना पत्रा आडवा फिरवू नका, षटकोनाची टोकं वर-खाली राहतील असाच फ्रेममध्ये बसवा.