गोल्फचा सराव: गिरवणं वेगळं, लिहिणं वेगळं

नव्याने गोल्फ शिकणारा भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आज शंभर बॉल मारले." कशासाठी मारले विचारलं की गप्प. बॉल मारले म्हणजे सराव झाला, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदाचं नीट लिहूनच टाकतो.

क्रिकेटचं नेट तुम्हाला सांगायला नको. थ्रोडाऊनवर कव्हर ड्राइव्ह घोटणं वेगळं आणि तीन बोलर आलटूनपालटून टाकत असताना खेळणं वेगळं, हे शिवाजी पार्कातल्या पोरालाही कळतं. तिथे बदल बोलरच करतो. गोल्फचा बॉल मात्र पडून असतो. बदल आपणच आणायचा, आणि नेमकं तेच राहून जातं.

गिरवण्याचा सराव म्हणजे हातात सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी), समोर एकच झेंडा आणि चाळीस बॉल. सरमिसळीचा सराव म्हणजे दर बॉलला क्लब नवा, निशाण नवं.

गिरवताना दहाव्या बॉलपर्यंत हात बसतो, पण तो नवव्याच्या आठवणीवर बसलेला असतो. कोर्सवर, म्हणजे खऱ्या खेळाच्या मैदानावर, नववा बॉल नसतोच. ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) मारायचा, दोनशे पावलं चालायचं, मग सात नंबर एकदाच. तो क्लब पुन्हा हातात येईपर्यंत कदाचित तीन होल (कोर्सचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी एक खळगा) जातात. अंतर बघणं, क्लब निवडणं, निशाण धरणं दर वेळी नव्याने करावं लागतं आणि गिरवताना तेवढंच गाळलेलं असतं. 1979 मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात सरस ठरले; दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा सरमिसळ करणारे पुढे होते. म्हणून सरमिसळीत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) फटके बिघडले तर घाबरून परत गिरवायला लागू नका.

त्यात रेंजवरची मॅट, म्हणजे जिच्यावरून बॉल मारतो ती रबरी चटई, फसवते. क्लब बॉलच्या इंचभर मागे पडला तरी रबरावरून सरकत पुढे जातो, बॉल छान उडतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो आणि बॉल चार हात पुढे जाऊन थांबतो. चाळीस वेळा गिरवलंत, तर चाळीस वेळा त्या चुकीला शाबासकी दिलीत.

ग्रिप आणि उभं राहणं अगदी नवं असेल तेव्हा मात्र गिरवायलाच हवं. पाटीवर गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही.

पन्नास बॉलचा माझा हिशेब असा: दहा वेजने (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) हलके, अंग मोकळं करायला. पंधरा गिरवायला, एकच गोष्ट धरून. उरलेले पंचवीस खेळायला: ओळखीचं होल डोळ्यांसमोर आणायचं आणि ड्रायव्हर, आयर्न, वेज या क्रमाने ते पुरं करायचं. दर बॉलआधी मॅटवरून मागे यायचं, निशाण बघायचं, मग नव्याने उभं राहायचं. आल्या आल्या ड्रायव्हर उपसणाऱ्यांना मी तर थांबवतोच.

  

पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा अशा, कोर्सवर त्यातले 36 फटके पटिंगचे, म्हणजे बॉल घरंगळवत होलमध्ये घालण्याचे, धरलेले असतात. तरी पटर बॅगेतच राहतो. मुंबईच्या पावसात रेंज चुकली तर घरच्या पॅसेजमध्ये गालिचा अंथरा आणि पाण्याचा पेला आडवा ठेवा. होलची रुंदी 108 मिलिमीटर, पेल्याचं तोंड त्याहून अरुंद. तीन फुटांवरून एक पट, मग सहावरून, मग चारवरून. एका जागेवरून लगेच दुसरा नाही.