पार्श्वभूमी : अरलचा कोकअरल बांध

अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवल्यामुळे मध्य आशियातला, कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या सीमेवरचा अरल समुद्र आटला, हे सर्वांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्यानंतर काय केलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. आधी त्यांनी पाण्याचा पाठलाग केला. दक्षिणेच्या मोयनाक आणि उत्तरेच्या अराल्स्क बंदरांतून मागे सरणाऱ्या पाण्यापर्यंत कालवे खोदले गेले. मासे संपत आले तेव्हा बाल्टिक आणि पॅसिफिकचे मासे रेल्वेने आणून डबाबंदीचे कारखाने चालू ठेवले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक मासेमारी थांबली. पुढे अझोव्ह समुद्रातून आणून सोडलेला फ्लाउंडर हा चपटा मासा खाऱ्या पाण्यात तगला. तो तळाशी राहतो, त्यामुळे जाळी बदलावी लागली. १९९०च्या दशकात डेन्मार्कच्या मच्छीमारांनी ते तंत्र शिकवलं.

खरा वाद आहे तो बांधाचा. १९८०च्या दशकाअखेर अरलचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले होते. सिर दर्याचं पाणी उत्तर भागात यायचं आणि दक्षिणेकडे वाहून वाळवंटात उडून जायचं. ते अडवण्यासाठी स्थानिकांनी १९९२ साली वाळूचा बांध घातला. तो पुन्हा पुन्हा फुटला, पुन्हा पुन्हा भरला गेला आणि १९९९ साली पार वाहून गेला. आंतरराष्ट्रीय कर्ज मिळाल्यावर २००५ साली सुमारे १३ किलोमीटरचा पक्का कोकअरल बांध उभा राहिला. उत्तरेच्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी वर्षभराच्या आतच सुमारे ३८ मीटरवरून ४२ मीटरवर गेली. खारटपणा उतरला आणि गोड्या पाण्यातले मासे परतले.

बांधाने दक्षिणेचा बळी दिला, असा आक्षेप आजही घेतला जातो. मला तो पटत नाही. दक्षिणेची खरी नदी अमू दर्या, आणि ती वरच्या शेतांतच संपत होती. सिर दर्याच्या उरल्यासुरल्या पाण्याने एवढं मोठं खोरं भरलं नसतं. उत्तरही गेलं असतं. तरीही दक्षिण किनाऱ्यावरच्या, उझबेकिस्तानातल्या कराकल्पकस्तानच्या माणसाला हा हिशेब क्रूर वाटणारच. २०१४ साली दक्षिणेचं पूर्वेकडचं खोरं आधुनिक काळात पहिल्यांदाच पूर्ण कोरडं पडलं.

तिथे पाणी परत येण्याची वाट आता कुणी फारशी पाहत नाही. उघड्या पडलेल्या तळावरून खारी धूळ उडू नये म्हणून सॅक्सॉलची झुडपं लावली जातात, अतिखारट पाण्यातून आर्टेमिया या सूक्ष्म कोळंबीवर्गीय जीवाची अंडी गोळा केली जातात, आणि अनेक कुटुंबं कामासाठी कझाकस्तानात गेली आहेत. उत्तरेत बांध आणखी उंच करण्याची चर्चा चालू आहे.